आई उठून चहा मागते तो तुकडा

भावजी, माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. शुद्धलेखनाच्या चुका होतील, ओळी उताराला लागतील, त्याबद्दल आधीच माफ करा. मी बाजाराची चिठ्ठी लिहून दिली की तुम्ही दारातच उभं राहून ती मोठ्यानं वाचायचात. "वैनी, हे जिरं हाय का हिरा? हिरा असंल तर निपाणीत न्हाय मिळायचा, बेळगाव गाठावं लागंल." मी लाजून आत पळायचे. आता चिठ्ठी वाचून हसणारं कुणी नाही, म्हणून एवढं लांब लिहायचं धाडस करते. कुणाला दाखवणार नाही. तुम्ही माझ्यावर एक काम टाकून गेलात. ते झालं की नाही, एवढं तुम्हाला कळवायचं आहे.

परवा तुमचा तेरावा झाला. घर आता रिकामं आहे. तुमचे अण्णा, म्हणजे आमचे हे, तंबाखूच्या रानात गेलेत. तुमचं क्लॅरोनेट पेटीत घालून बँडमधला तुमचा चेला मारुती घेऊन गेला. तुम्हीच तसं सांगून ठेवलं होतं. खुंटीवर बँडचा लाल कोट तेवढा आहे. त्याच्या खिशात लवंग सापडली. वाजवायच्या आधी तोंडात धरायची तुमची सवय. ती मी परत खिशातच ठेवली.

सगळं त्या पिक्चरपासून सुरू झालं. माझ्या लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. तुम्ही बँडमध्ये नवे होता, आणि अण्णांनी आपल्या दोघांना निपाणीच्या टॉकीजला नेलं. पिक्चर कन्नड होता. माझं माहेर बेळगुंदीचं, त्यामुळे कन्नड मला तेव्हा निम्मं कळायचं, निम्मं अंदाजानं. पण त्या पिक्चरला भाषा लागत नव्हती. आपल्याकडे रडके पिक्चर यायचे ना, विधवा आई, शिवणयंत्र, खोकला, देवाजवळचा दिवा विझतो आणि आई मरते, त्या सगळ्या पिक्चरांची त्यात टर उडवली होती. आई मरायला टेकते, मुलं गळा काढतात, दिवा फडफडतो, क्लॅरोनेट रडायला लागतं. आणि चाल संपता संपता आई ताडकन उठून बसते आणि म्हणते, चहा टाका. पिक्चरभर ती अशी मरत राहते. दर वेळी तीच चाल, दर वेळी चहा.

टॉकीज डोक्यावर घेतली होती लोकांनी. अण्णा, जे घरात कधी हसत नाहीत, ते खुर्चीचा दांडा बडवत होते. मी पदर तोंडात कोंबला होता. आणि तुम्ही? तुम्ही मान खाली घालून बसला होतात. मला वाटलं पोटात दुखतंय.

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "का रं, हसला न्हाईस?"

"आण्णा, त्यो वाजवणारा बघितला न्हवं?"

"पिक्चरमदी कुठं वाजवणारा दिसतोय रं? म्हातारी दिसत हुती."

"म्हातारी खोटी मरत हुती. त्यो खरा रडत हुता."

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्येला ऊन लागलंय." पण मला तुमचं बोलणं लागून राहिलं. चालताना माझ्याही डोक्यात ती चालच फिरत होती, म्हातारी नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसलात. पिक्चर परत बघायचा होता, चाल पाठ करायला. खिशात दमडी नव्हती. अण्णांकडे मागायची सोय नव्हती, ते म्हणाले असते, बघितलेला पिक्चर परत कशाला, म्हातारी काय ह्या खेपेला खरी मरणार हाय? मी वखारीत तंबाखू निवडायला जायचे, त्या मजुरीतले तांदळाच्या डब्यात लपवलेले पैसे काढून दिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा दिले. चौथ्या दिवशी तुम्ही नुसते येऊन उभे राहिलात आणि मी न बोलता डबा उघडला.

"फेडतो वैनी. ह्या चालीचं पैसं ह्या चालीनंच फेडतो."

आठवडाभरात तो पिक्चर गेला, परत कधी आला नाही. मध्यंतरी माझ्या पोरानं फोनवर शोधायचा प्रयत्न केला, पण नावच कुणाला आठवेना. तुम्हालाही नाही, मलाही नाही.

आपला वाद त्याच आठवड्यात सुरू झाला आणि तो मिटायच्या आत तुम्ही गेलात. माझं म्हणणं साधं होतं. ती चाल चेष्टेची आहे. चेष्टेसाठी बसवली, चेष्टेसाठी वाजवली. तुमचं म्हणणं, चालीला ते माहीत नाही. अशा पिक्चरांचं तुम्हाला तेव्हापासून वेडच लागलं. भुतांच्या पिक्चरची टिंगल करणारा, दरोडेखोरांच्या पिक्चरची टिंगल करणारा, कुठल्याही भाषेतला असो, कोल्हापूरपर्यंत जाऊन बघून यायचात आणि गोष्ट न सांगता नुसता बाजा सांगायचात. तो दरोडेखोर गाढवावर बसून येतो तो पिक्चर आठवतो? मी म्हटलं, "गाढवावर बसलाय, मग वाजवणाऱ्यांनी पण गमतीचंच वाजवायला पाहिजे." तुम्ही ताट बाजूला सारलंत.

"न्हाय वैनी! गाढवाला गाढवाचा बाजा लावला तर कोण हसंल? बाजा घोड्याचाच पायजे. टापा, तुताऱ्या, सगळं खरं. वाजवणाऱ्यानं एकदा जरी डोळा मारला की संपलं. त्येनं मरंस्तवर खरं वाजवायचं, मग खाली गाढव दिसतंय."

"मग ती चेष्टाच झाली की."

"गाढवाची झाली. बाजाची न्हाय झाली."

 मला ते पटलं नव्हतं, हे लिहून ठेवते.

एक गोष्ट तुम्ही कधी कुणाला सांगितली नाही, त्याबद्दल तुमचे उपकार आहेत. ती चाल तुम्हाला पूर्ण येत नव्हती. वर चढून जिथं ती मोडते आणि खाली येते, तिथं तुम्ही दर वेळी अडकायचात. पहिल्यांदा तुम्ही परसात वाजवत होता, मी चुलीपुढं भाकरी थापत होते. तुम्ही अडलात आणि माझ्या तोंडून पुढचं आपोआप बाहेर पडलं, गुणगुणत. बाहेर वाजवणं थांबलं. मला वाटलं आता हसणार. तुम्ही दाराशी आलात, माझी पाठ तुमच्याकडे होती, आणि हळूच म्हणालात, "परत."

त्यानंतर किती वर्षं असंच चाललं. तुम्ही दाराबाहेर, मी चुलीकडे तोंड करून. "वैनी, मोडल्यावर फुडं काय?" मी गुणगुणायचे, तुम्ही बोटं हलवायचात. तुम्ही कधी आत डोकावला नाहीत. लग्नाच्या आधी माहेरीही मी चारचौघांत कधी तोंड उघडलं नव्हतं. हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली की माझी चुलत जाऊ माझ्या वाटचं घ्यायची. माझा आवाज बरा आहे हे या जगात एकट्या तुम्हाला माहीत होतं, आणि ते तुम्ही माझ्याजवळच राहू दिलंत.

मग बेळगुंदीचं ते मयत. माझ्या माहेरच्या शेजारचे म्हातारे पाटील. पणतू मांडीवर घेऊन गेलेला माणूस, तेव्हा रिवाजाप्रमाणे वाजतगाजत नेणार, आणि बँड तुमचा. मीही गेले होते, बायकांत उभी होते. भजनं झाली, अभंग झाले, वाट लांब होती, आणि तुम्हाला येत होतं तेवढं सगळं वाजवून संपलं. जरा वेळ नुसता ढोल चालला. आणि मग भावजी, तुम्ही ती चाल धरलीत.

मी घाबरले. मग मला ती म्हातारी दिसली, ताडकन उठणारी, आणि हसू आलं. काही केल्या आवरेना. पदर तोंडावर घेऊन मी गदगदा हलत होते. शेजारच्या आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू दे गं, रडू दे. लई जीव हुता तुजा त्येंच्यावर." त्यानं तर आणखीच. मग पदराच्या फटीतून पाटलांची थोरली लेक दिसली. ती तोवर कोरडी होती, माणसांना पाणी देत फिरत होती. चाल मोडून खाली आली तिथं ती तांब्या घेऊन रस्त्यात बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. तिला बघून माझं हसू कधी गेलं ते कळलं नाही. मग मीही खरीच रडले.

शेवटचा तुकडा मात्र तुम्ही वाजवला नाहीत. आई उठून चहा मागते तो. तिथं क्लॅरोनेट पांघरूण भिरकावल्यासारखं वर उडी घेतं आणि जांभई दिल्यासारखं घसरत येतं. तो तुकडा तुम्ही गिळलात.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "पाप लागेल."

"कुणाला?"

"तुम्हाला. मयताची चेष्टा केली."

"कोण हसलं?"

मी पदर तोंडाशी नेला. तुम्ही बाजूच्या सीटवरून वाकून बघितलंत. "वैनी, तुमी हसला व्हय?" आणि मग तुम्हीच इतके हसलात की कंडक्टर कन्नडमध्ये काहीतरी ओरडला.

पाटलांच्या लेकीनं चाल कुठली विचारली, तुम्ही सांगितलंत, जुनी हाय, आमच्याकडची. झालं. हिंडलग्याहून बोलावणं आलं, खानापूरकडून आलं, ती जुनी चाल वाजवणारा बँड पाहिजे म्हणून. लोक ती ऐकून डोक्यावरची टोपी काढायला लागले. मयताचे ठरलेले पैसे बँड घ्यायचा, पण त्या चालीवर कुणी वेगळी नोट काढली की तुम्ही हात जोडायचात. मी विचारलं तर म्हणालात, "दुःखाच्या दारात ह्या चालीचं बक्षीस नगं. खुशीनं कुणी दिलं तर घीन." खुशीनं कोण देणार मयताच्या चालीला? मी म्हणायचे, "म्हणजे माझे तिकिटाचे पैसे बुडाले." तुम्ही म्हणायचात, "हायत, हायत. कुठं जातायत?" दिवाळीला साडी आणायचात, तर सोबत सांगायचात, ही ओवाळणी, तिकिटाचं येगळं.

काकतीच्या लग्नातली गंमत तुम्ही हसत सांगितली होती, पण मला तेव्हाच तुमचा आवाज वेगळा वाटला होता. पाठवणीच्या वेळी बँडमधल्या एका नव्या गड्यानं, काहीतरी हळवं हवं म्हणून, तुमच्याकडून शिकलेली तीच चाल सुरू केली. नवरीची आत्या किंचाळली, "अगं बया, मयताचं वाजवाय लागल्यात! मुडद्यांनो, बंद करा!" मांडवात धावपळ. नवरदेवाकडच्यांनी तुम्हाला जेवायलाही बसू दिलं नाही. तुम्ही घरी येऊन माझ्याकडून भाकरी-आमटी मागून घेतलीत आणि खायला बसलात.

"वैनी, चूक झाली वो."

"त्या गड्याची."

"माजी. हसायची चाल हुती, मी तिला रडायला लावली. आता तिला कोण हसायला बोलवंना." भाकरीचा तुकडा हातातच राहिला होता. "तुमी म्हणत हुता तेच थोडंफार खरं."

इतक्या वर्षांत वादात तुम्ही एवढीच माघार घेतलीत. मला आनंद व्हायला हवा होता. मी आमटी वाढली.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी वाजवायचं बंद केलं. फुप्फुस थकलं म्हणाले. तुम्ही तरी रोज पेटी उघडून क्लॅरोनेट पुसायचात. असंच एकदा पुसता पुसता म्हणालात, "माज्या येळला मारुतीला ती चाल वाजवाय सांगा. शेवटच्या तुकड्यासकट. तिला एकदा माहेरी पोचती करा."

मी म्हटलं, भरल्या घरात असलं बोलू नये. मग म्हटलं, "मारुतीला तो तुकडा कुठं येतो?"

"कुणालाच येत न्हाय. मी कुणाफुडं वाजवलाच न्हाय. तुमाला येतोय न्हवं?"

"मी? माणसांत? गडीमाणसांपुढं?"

"चुलीकडं तोंड करून म्हना की." तुम्ही हसलात. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तुम्ही पेटी बंद केलीत.

तुम्ही गेलात त्या दिवशी बाजा नव्हता, भावजी. मारुती आणि मंडळी दारात वाद्यं घेऊनच आली होती. पण भावकीतले वडीलधारे म्हणाले, पणतू बघितलेल्यालाच बाजा, ह्याचं तर लग्नबी न्हाय. तुम्ही म्हणायचात, रोज दुसऱ्याच्या वरातीत चालणाऱ्याला आपल्या वरातीचा कंटाळा येतो. ते त्या दिवशी असं आडवं आलं. अण्णा खांबाला टेकून बसले होते, त्यांना काही कळत नव्हतं. मी बायकांत उभी होते. तुमचा निरोप सांगायला ओठ हलले, आवाज आला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखात वाजवलंत आणि तुमच्या वेळी नुसते चपलांचे आवाज. वाटेवरचा कुणाचा तरी रेडिओ चालू होता, तोही कुणीतरी बंद केला.

मग तेरा दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तेराव्याला बँडवाले जेवायला येणार, त्यानंतर ते कामाला लागणार, मारुती पेटी घेऊन जाणार. तो तुकडा मग माझ्यापाशी राहणार, आणि मी गेले की संपणार. मी भांडी घासताना तो म्हणून बघायचे. एकटी असताना येत होता. अण्णा आले की येत नव्हता.

तेराव्याला जेवणं झाली. पाहुणे सुपारी कातरत बसले होते. मारुतीनं पेटी उघडली, क्लॅरोनेट तुमच्या फोटोपुढं धरलं आणि म्हणाला, "मास्तरांची चाल एकदा वाजवतो, मग न्हेतो." आता कुणी नको म्हटलं नाही. त्यानं छान वाजवली. मोडते तिथं तर तुम्हीच वाजवता आहात असं वाटलं. मी स्वयंपाकघरात चुलीपुढं होते. चाल खाली आली, जिथं तुम्ही दर वेळी थांबायचात तिथं तोही थांबला. माणसांनी सुस्कारे टाकले. मला पेटीची कडी वाजलेली ऐकू आली.

मी उठून दारात गेले. "मारुती, शेवट राहिला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मारुती म्हणाला, "न्हाय काकू, एवढीच हाय चाल."

"अजून आहे. त्यांनी सांगितलंय, वाजवायचा म्हणून."

"मला न्हाय येत मग. कसाय त्यो?"

भावजी, मी परत आत वळले. मला वाटलं, झालं, पळाले. पण मी चुलीकडे तोंड केलं, पदर नीट केला, आणि म्हटला. गुणगुणले नाही, म्हटला. बाहेर ऐकू जाईल असा. एकदा. मग उंबऱ्यापाशी पावलं वाजली आणि मारुती तुमच्यासारखंच हळू म्हणाला, "परत."

दुसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज कापला नाही.

मग त्यानं सबंध चाल पहिल्यापासून वाजवली. रडकी सगळी, अगदी खरी, कुठं डोळा न मारता. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. चाल मोडली, खाली आली, संपते असं वाटलं, आणि क्लॅरोनेटनं पांघरूण भिरकावलं. जांभई देत घसरत आलं. म्हातारे टोप्या हातात धरून तसेच राहिले. आणि तुमचे अण्णा, तेरा दिवस ज्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता, ते फसकन हसले.

"म्हातारी!" ते म्हणाले. "आरं, ही तर चहा मागणारी म्हातारी!"

त्यांना आठवलं, भावजी. एवढ्या वर्षांनी. मयतात ती चाल किती वेळा ऐकूनही त्यांनी ओळखली नव्हती, शेवट ऐकला तेव्हा ओळखली. ते हसत होते, डोळे वाहत होते, गुडघ्यावर हात मारत होते आणि ज्याला त्याला सांगत होते की टॉकीजमध्ये काय झालं, तुम्ही कसे मान खाली घालून बसला होता. ऐकता ऐकता एकेक जण हसायला लागला. तुमच्या फोटोपुढं. कुणाला वाईट वाटलं नाही. तुमचं खरं की माझं, ते मला अजून सांगता येत नाही. चाल तीच होती, दोन्ही झालं.

अण्णांनी खिशात हात घातला, शंभराची नोट काढली, वरातीत ओवाळतात तशी क्लॅरोनेटवरून ओवाळली आणि मारुतीच्या हातात दिली. "खुशीनं देतोय. घे."

मारुतीनं ती घेतली, आणि तसाच उंबऱ्यापर्यंत आला. "काकू, ही तुमची. मास्तरांचा हुकूम हाय. म्हणायचे, ह्या चालीला कुणी कधी खुशीनं पैसं दिलं तर वैनीकडं पोच कर, तिकिटाचं हायत. मला वाटायचं चेष्टा करत्यात."

मी चहा टाकला. सगळ्यांना दिला, एक कप तुमच्या फोटोपुढं ठेवला. नोट तांदळाच्या डब्यात ठेवली आहे.

भावजी, पैसे पोचले. पूर्ण फिटले.